हिमनदीवरची वाट

विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गालगत रस्तादुरुस्तीचे काम निघाले, की कडेला डांबराची पिंपे येऊन पडतात. थंडीतल्या एका सकाळी अशाच एका पिंपातून सांडून घट्ट झालेला डांबराचा गोळा मी मुकादमाला विचारून शाळेत नेला. एका मुलाने त्यावर हातोडी मारली. काच फुटावी तसे त्याचे तुकडे झाले. त्यातला एक तुकडा पत्र्याच्या झाकणात घालून आम्ही खिडकीत ठेवून दिला. काही दिवसांत त्याचे कंगोरे बोथट झाले, मग तो बसका झाला आणि झाकणभर पसरू लागला. ‘हा पदार्थ घन की द्रव?’ असे विचारताच वर्गाचे सरळ दोन तट पडले.

हा प्रयोग मी केला तो ‘हिमनदीचे कार्य’ शिकवताना आलेल्या एका प्रश्नामुळे. मे १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. शिखरावर जाणारे ते महाराष्ट्रातले पहिले गिर्यारोहक. हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची ही मोहीम तिबेटकडून, म्हणजे उत्तरेकडून गेली होती. पुढे १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ जण शिखरावर पोहोचले. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालची ही मोहीम मात्र नेपाळकडून, म्हणजे दक्षिणेकडून गेली. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “डोंगर एकच, मग दोन वाटांपैकी सोपी कोणती?”

याचे उत्तर खडकात कमी आणि बर्फात जास्त आहे.

हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साचलेले हिम दाबाखाली घट्ट होऊन बनलेला बर्फ. तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकत असतो. इंग्लंडच्या फोर्ब्ज या शास्त्रज्ञाने... असे म्हणण्याची चूक पुष्कळदा होते. जेम्स फोर्ब्ज हे स्कॉटलंडचे. आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर १८४२ मध्ये मोजमापे करून त्यांनी दाखवले, की तिचा मधला भाग काठांपेक्षा जास्त वेगाने सरकतो. पाण्याच्या नदीचेही तसेच असते. फरक असा, की खोलवरचा बर्फ दाबामुळे झाकणातल्या डांबरासारखा हळूहळू वाहतो, तर वरचा साधारण ३० ते ४० मीटरचा थर हातोडीखालच्या डांबरासारखा ठिसूळ असतो. खालचा बर्फ वाहतो, वरच्याला त्याच्याबरोबर जावे लागते. जिथे तो ताणला जातो तिथे तो फाटतो. या फाटी म्हणजेच हिमभेगा.

त्या कुठेही पडत नाहीत. दरीचा उतार एकदम वाढला, की वरचा थर वाकतो, ताणला जातो आणि आडव्या भेगा पडतात. काठाजवळ खडकाच्या घर्षणामुळे तिरप्या भेगा पडतात. दरी रुंदावली, की बर्फ पसरतो आणि प्रवाहाच्या दिशेने लांब भेगा पडतात. उतार पुन्हा कमी झाला, की बर्फ दाबला जातो आणि भेगा मिटू लागतात. दरीचा आकार पाहून भेगांचा अंदाज बांधता येतो. वाट आखणाऱ्याची बाराखडी ती हीच.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. पत्र्याचे पन्हळ तिरके ठेवा. त्यात भज्यांच्या पिठापेक्षा बरेच घट्ट भिजवलेले पीठ ओता आणि मोहरीच्या दाण्यांची एक आडवी रेघ ओढा. थोड्या वेळाने रेघ मध्यभागी पुढे आलेली दिसेल. पिठावर कोरड्या पिठाचा थर भुरभुरला, तर तो कुठे चिरतो हेही पाहा. पन्हळाखाली मध्येच एक पट्टी सरकवून उतार बदला आणि चिरा कुठे पडतील हे मुलांना आधी लिहून ठेवायला सांगा.

आता दोन्ही वाटा पाहू. दक्षिणेकडे तळछावणीच्या वरच खुंबू हिमप्रपात आहे. इथे हिमनदी एका तीव्र उतारावरून सुमारे ६०० मीटर खाली उतरते आणि काही ठिकाणी दिवसाला सुमारे एक मीटर सरकते. सगळा बर्फ आडव्या भेगांनी चिरलेला आणि मनोऱ्यांसारखा उभा. आज बांधलेली शिडी उद्या वाकडी होते. म्हणून दर मोसमात शेर्पांचे एक पथक नव्याने वाट शोधते, भेगांवर अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या टाकते आणि मोसम संपेपर्यंत त्यांची दुरुस्ती करत राहते.

उत्तरेकडे असा हिमप्रपात ओलांडावा लागत नाही. पूर्व रोंगबुक हिमनदीवर बर्फाचे उंच सुळके आहेत, पण त्यांच्यामधून मध्य हिमोढाची दगडगोट्यांची पट्टी जाते. गिर्यारोहक तिच्यावरून सुमारे ६,४०० मीटरपर्यंत चालत जातात. पाठ्यपुस्तकात आपण ज्याची फक्त व्याख्या पाठ करून घेतो, तो हिमोढ इथे चक्क रस्ता होतो. पण पुढे नॉर्थ कोल या खिंडीचा बर्फाचा चढ येतो. तिथे ७ जून १९२२ रोजी ताजे हिम घसरले आणि ब्रिटिश मोहिमेबरोबरचे सात भारवाहक मृत्युमुखी पडले. म्हणजे धोका टळला नाही, त्याची जागा आणि जात बदलली.

खुंबूत वाट आखणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो. हिमप्रपाताच्या मध्यभागी बर्फ वेगाने सरकतो, भेगा जास्त, शिड्या जास्त, वेळही जास्त. पश्चिम खांद्याच्या बाजूने जाणे त्या मानाने सोयीचे, पण तिथे डोक्यावर कड्याला लटकलेला बर्फ असतो. १८ एप्रिल २०१४ रोजी त्यातलाच मोठा भाग तुटून वाटेवर कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. २०१५ च्या मोसमात वाट मध्याकडे सरकवण्यात आली.

हिमप्रपात रात्री किंवा पहाटे ओलांडावा असा नियम आहे. उन्हाने बर्फाचे मनोरे आणि भेगांवरचे हिमाचे पूल सैल होतात, म्हणून. तो नियम योग्यच आहे. पण २०१४ चा अपघात सकाळी सातच्या आतच घडला. लटकलेला बर्फ तुटतो तो मुख्यतः मागून येणाऱ्या बर्फाच्या रेट्याने आणि स्वतःच्या वजनाने. त्याला उन्हाची वाट पाहावी लागत नाही. अशा धोक्यावर उपाय दोनच. त्याच्याखालून जाऊ नये, किंवा कमीत कमी वेळ जावे.

इथे एक गणित घालता येते. समजा, एका फेरीत धोक्याच्या पट्ट्यात एक तास जातो. गिर्यारोहकाने मोसमात सहा फेऱ्या केल्या आणि सामान वाहणाऱ्याने चोवीस, तर कोणाचा धोका किती पट? मुले ‘चौपट’ म्हणून लगेच उत्तर देतात. मग १९२२ चे सात आणि २०१४ चे सोळा, हे सगळे ओझी वाहणारे किंवा वाट राखणारेच का होते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०२४ पासून खुंबूत शिड्या-दोर वर पोचवायला ड्रोन वापरून पाहिले जात आहेत, त्यामागचा हिशेबही हाच आहे. माणसाच्या फेऱ्या कमी झाल्या पाहिजेत.

त्या मुलीला मी उत्तर दिले, “सोपी वाट कोणतीच नाही. कुठे बर्फ ताणलेला आहे, कुठे दाबलेला आहे आणि डोक्यावर काय लटकले आहे, हे पाहून दर वर्षी ती नव्याने आखावी लागते.” तिने वहीत ते लिहून घेतले आणि विचारले, “मग ती आखणाऱ्यांची नावे पुस्तकात का नसतात?” या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या तासाला देता आले नाही.