इंग्रजींतील भयवाचक शब्द



इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास फिअर, ड्रेड, फ्राइट, टेरर, हॉरर आणि पॅनिक या सहा शब्दांचे अर्थ विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : भीति. फार तर 'मोठी भीति', 'अतिशय भीति' अशी चढण लावून तो मोकळा होतो. जणूं हे शब्द म्हणजे उष्णतामापकावरील आंकडेच! परंतु इंग्रजी भाषेनें हे शब्द भीतीच्या मात्रेवरून क्वचितच वाटून घेतले आहेत. संकट अजून यावयाचें आहे कीं समोर उभें आहे, तें आपल्यावर आहे कीं दुसऱ्यावर, आणि भ्यालेल्याचा विवेक शाबूत आहे कीं सुटला आहे, हें पाहून शब्द निवडावा लागतो. तो चुकला तर केवळ भाषा बिघडते असें नाहीं. कधीं कधीं निरपराध माणसावर ठपका येतो.

फिअर हा यांतील सर्वांत साधा व व्यापक शब्द. मौज अशी कीं, प्राचीन इंग्रजींत तो मनांतल्या भावनेचा वाचक नव्हताच. अकस्मात् कोसळणारें संकट असा त्याचा अर्थ होता. त्याच कुळांतला 'गेफार' हा जर्मन शब्द अजूनहि 'धोका' याच अर्थानें चालतो. इंग्रजींत मात्र संकटाचें नांव हळूहळू संकट पाहणाऱ्या मनाला चिकटलें.

ड्रेड म्हणजे जें अजून आलें नाहीं पण येणार, त्याचें भय. शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेल्या रोग्यास वाटतें तें ड्रेड. आपली 'धास्ती' त्याच्या अगदीं शेजारची. फ्राइट क्षणाचें असतें. अंधारांत मागून कोणी खांद्यावर हात ठेवला, आपण दचकलों, वळून पाहिलें तों आपलाच धाकटा भाऊ! फ्राइट तेथेंच संपलें. मराठींतील 'धसका' या दोहोंपैकीं कशांतच बसत नाहीं. तो फ्राइटप्रमाणें एका क्षणीं बसतो, पण महिनोन् महिने उठत नाहीं. त्याला एका शब्दांत इंग्रजी प्रतिशब्द मला तरी आढळलेला नाहीं.

टेरर आणि हॉरर यांची गल्लत तर इंग्रज लोकहि करतात. ॲन रॅडक्लिफ या कादंबरीकर्त्रीचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तिनें हा भेद सांगितला आहे. टेररनें मन विस्तारतें व जागें होतें, हॉररनें तें आक्रसतें व गोठतें, असें तिचें म्हणणें. सोपें करून सांगावयाचें तर, दाराबाहेर अनोळखी पावलें वाजतात तेव्हां वाटतो तो टेरर, आणि दार उघडल्यावर जें दिसतें त्यानें वाटतो तो हॉरर. हॉररमध्यें किळस मिसळलेली असते. भरतमुनींच्या परिभाषेंत बोलावयाचें तर भयानक आणि बीभत्स या दोन रसांची ती सरमिसळ होय. म्हणूनच स्वतः सुरक्षित असतांनाहि माणसास हॉरर वाटूं शकतो. आगगाडीच्या अपघाताची जागा दुसऱ्या दिवशीं पाहणाऱ्याला टेरर वाटत नाहीं, कारण त्याच्या जिवाला धोका नाहीं; पण हॉरर वाटतो.

हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आले आणि दोघांचेहि भाऊबंद संस्कृतांत आहेत. टेररचा मूळ धातु व आपला 'त्रस्' हे एकाच घरचे. हॉररच्या मुळाशीं केंस ताठ उभे राहणें हा अर्थ आहे, आणि त्याचा सगोत्र आपला 'हृष्'. म्हणजे अंगावर कांटा उभा राहण्याची क्रिया एकच. रोमन लोकांनीं तिच्यांतून भय काढलें, आपल्या पूर्वजांनीं हर्ष! 'त्रास' हा शब्द संस्कृतांत खऱ्या भयाचा होता. सुश्रुतानें पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतर रोग्यास वाटणाऱ्या पाण्याच्या भयाला 'जलत्रास' म्हटलें आहे, आणि ग्रीक 'हायड्रोफोबिया' हा शब्दशः तोच. आज मराठींत ढेकूणहि त्रास देतात. इंग्रजींत टेरिबल आणि ऑफुल यांची अशीच झीज झाली; आणि 'भयंकर गोड' म्हणणाऱ्या आपण त्यांना हंसूं नये हें बरें.

आतां पॅनिक. ग्रीकांचा पॅन हा रानांतला, गुराख्यांचा देव. निर्जन रानांत कारण नसतां कळप उधळला, तर ती त्याची करणी समजत. शब्दाच्या जन्मांतच 'कारण नसतां' आणि 'कळप' या दोन कल्पना आहेत, आणि म्हणून हा शब्द केवळ वर्णन करीत नाहीं, आरोप करतो. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रीं अमेरिकेंत ऑर्सन वेल्स यानें मंगळवासीयांच्या स्वारीचें नभोनाट्य सादर केलें. त्यांतील बराच भाग खऱ्या बातम्यांच्या थाटाचा होता. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं देशभर पॅनिक उसळल्याचें छापलें. पुढें संशोधकांना दिसलें कीं, नाटक ऐकणारेच मुळांत थोडे होते. आणि घाबरलेल्यांपैकीं अनेकांनीं शेजाऱ्यांना विचारलें, कचेऱ्यांना दूरध्वनि केले, दुसरें केंद्र लावून पाहिलें. ही कृति विवेक सुटलेल्या माणसाची खास नव्हे. ते भ्याले होते, एवढेंच. चेंगराचेंगरीच्या वृत्तांतांत तर हा शब्द फार जपून वापरावा. अरुंद जिन्यावर माणसें दबून, श्वास कोंडून मरतात. पण वृत्तांतांत पॅनिक हा शब्द आला, कीं जिन्याच्या रुंदीचा प्रश्न मागें पडतो आणि दोष मेलेल्यांच्या माथीं बसतो.

राहिला अफ्रेड. याच्यापुढें ऑफ लावावयाचें कीं फॉर, याकडे आपले लोक फारसें लक्ष देत नाहींत. 'शी इज अफ्रेड फॉर हर सन' म्हणजे तिला मुलाच्या जिवाची काळजी वाटते. 'ऑफ हर सन' म्हटलें कीं त्या मुलाचीच तिला दहशत आहे असा अर्थ होतो. पोलिसांत किंवा डॉक्टरांस द्यावयाच्या पत्रांत ही चूक किती महाग पडेल, हें सांगावयास नको. शिवाय अफ्रेडचा एक उपयोग असा आहे कीं, त्यांत भीति मुळींच नसते. 'आय ॲम अफ्रेड' अशी सुरुवात करून एखादी कचेरी अर्ज नामंजूर झाल्याचें कळविते. तेथें अर्थ 'कळविण्यास खेद वाटतो' एवढाच. पुष्कळ जण त्याचें 'मला अशी भीति वाटते' असें भाषांतर करतात, आणि मग त्यांना वाटतें कीं अजून कांहीं अनिश्चित आहे. तसें नसतें. निर्णय झालेला असतो. तेव्हां अर्जदारानें दुसऱ्या पत्राची वाट पाहत बसूं नये.