ध्रुवावरचे बर्फ आणि नगरचे शिवार

आपल्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार तुम्हांला ठाऊक आहेच. तेथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि त्या हिशेबावरून यंदा कोणते पीक घ्यायचे, ते ग्रामसभेत ठरवतात. पाणी मोजले, म्हणूनच ते राखता आले.

जगाच्या पाण्याचेही असेच आहे. पृथ्वीवरील गोड्या पाण्याचा निम्म्याहून अधिक साठा दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर बर्फाच्या रूपात आहे. ते बर्फ वितळू लागले, की समुद्र चढतो. शिवाय पांढरे बर्फ ऊन परतवून लावते. ते घटले, की समुद्र अधिक तापतो आणि हवामान बदलते. आपली शेती मोसमी पावसावर. तेव्हा हा हिशेब आपल्याही कामाचा आहे.

तो ठेवण्याचे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. आपली पहिली मोहीम 1981 च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली. पुढे 1983-84 च्या मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत याही अंटार्क्टिकावर जाऊन आल्या.

परंतु पिकाची पाहणी करताना पीकच तुडवले, तर काय उपयोग? माणसे गेली, की डिझेल आले, कचराही आला. म्हणून 1991 च्या आंतरराष्ट्रीय कराराने तेथे कडक नियम घातले. आता शक्य तेथे यंत्रांवर काम सोपवले जाते. उत्तर ध्रुवाजवळ, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील एका खाडीत भारताने 2014 साली सुमारे 192 मीटर खोल पाण्यात उपकरणे नांगरून ठेवली. पाण्याची उष्णता, क्षारता यांची नोंद ती कडाक्याच्या हिवाळ्यातही ठेवतात.

त्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे ‘निसार’ हा भारत व अमेरिका यांचा उपग्रह. 30 जुलै 2025 रोजी तो श्रीहरिकोटाहून सुटला. त्याच्या रडारला ढगांचा अडथळा नाही, की ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीचा. दर 12 दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहून बर्फ किती सरकले, हे त्याने टिपावे, अशी योजना आहे. जमिनीतील ओलही त्याच रडारने अजमावता येते. म्हणजे ध्रुव पाहणारा डोळा आपले शिवारही पाहील.

तरी आपल्या वस्तीवर नेमका किती पाऊस पडला, हे आपणच मोजलेले बरे. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. घरची शाळकरी मुले हे काम हौसेने करतील. ती वही पुढच्या ग्रामसभेला जरूर घेऊन जा.