बिनतारी संचाच्या जोडसाहित्याची भाषा

वन, अग्निशमन किंवा पोलीस खात्यातील कर्मचाऱ्यांच्या, तसेच जत्रेतील स्वयंसेवकांच्या हाती वॉकी-टॉकी दिसणे आता खेड्यापाड्यांतही नवलाचे राहिलेले नाही. संच सहसा टिकाऊ असतो. प्रथम निकामी होतो तो त्याचा मायक्रोफोन किंवा संगणकाशी जोडणारी केबल. नवा भाग त्याच कंपनीचा लागतो आणि कंपनीने तो बनविणे थांबविले असेल, तर धडधाकट संचही कपाटात पडून राहतो. याचे कारण असे की, संच आणि त्याचे जोडसाहित्य यांच्यातील संकेतांची भाषा कंपन्या बहुधा प्रसिद्ध करीत नाहीत. बाहेरून निरीक्षण करून ती उकलणे, यास रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

सर्वच जोडसाहित्य सारखे गूढ नसते. केनवुड पद्धतीची दोन पिनांची जोडणी, एक पिन ३.५ व दुसरी २.५ मिलिमीटरची, अनेक कंपन्यांनी स्वीकारली आहे. तीत बोलण्याचे बटण दाबले की केवळ दोन तारांचा संपर्क होतो. मल्टिमीटर बाळगणाऱ्या कारागिरास एवढे घटकाभरात उमगते.

खरे कोडे असते ते संगणकाच्या केबलचे. २०१२ साली बाजारात आलेल्या बाओफेंग यूव्ही-५आर या स्वस्त चिनी संचाचे उदाहरण घेऊ. मायक्रोफोनच्या छिद्रांतूनच हा संच सेकंदास ९६०० बिट्स या वेगाने संगणकाशी बोलतो. संगणकाने आधी सात बाइट्सचा संकेत पाठवावयाचा असतो. षोडशमान पद्धतीत तो ५०, बीबी, एफएफ, २०, १२, ०७, २५ असा लिहितात. (शेवटचे चार आकडे २५ जुलै २०१२ या तारखेसारखे दिसतात, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. आरंभीच्या संचांचा संकेत निराळा होता.) ओळख पटली की संच ०६ हा होकार पाठवितो आणि पुढे स्मृतीतील मजकूर चौसष्ट-चौसष्ट बाइट्सच्या तुकड्यांनी मागविता येतो.

मजकूर हाती आला तरी त्याचा अर्थ कसा लावावयाचा? येथे विज्ञानशिक्षकांच्या परिचयाची रीत उपयोगी पडते: एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. पहिल्या चॅनेलवर १४५.५०० मेगाहर्ट्झ ठेवून स्मृती वाचली असता एके ठिकाणी ००, ००, ५५, १४ असे चार बाइट्स आढळतात. कंप्रता १४५.६०० केली की ५५ च्या जागी ५६ येतात, बाकीचे तसेच राहतात. म्हणजे आकडे जोडीजोडीने, पण शेवटाकडून लिहिलेले आहेत. ते उलटे वाचले की १४५५०००० मिळतात. अशा शेकडो लहान तुलनांतून संपूर्ण नकाशा तयार होतो. डॅन स्मिथ या अमेरिकन हौशी रेडिओचालकाने २००८ मध्ये सुरू केलेला ‘चर्प’ हा मुक्त संगणक-प्रोग्रॅम अशाच उकलींच्या आधारे अनेक कंपन्यांचे संच हाताळतो.

वाचणे निरुपद्रवी असते, लिहिणे तसे नसते. संचात काही लिहिण्यापूर्वी मूळ स्मृतीची संपूर्ण प्रत अवश्य जपून ठेवावी. चॅनेलांखेरीज त्या विशिष्ट संचाची अंतर्गत माहितीही तीत असते. दुसऱ्या आवृत्तीच्या संचाची स्मृती जशीच्या तशी उतरविल्यास संच बिघडू शकतो.

असा शोध घेणे गुन्हा आहे काय, अशी शंका विचारली जाते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक स्पष्ट अपवाद घातला गेला. कायदेशीरपणे आपल्याजवळ असलेल्या प्रोग्रॅमशी स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम जुळविण्यास आवश्यक अशी माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर ती मिळविण्यासाठी केलेली आवश्यक कृती प्रताधिकारभंग ठरत नाही. मात्र या तरतुदीने इतरांचे संदेश चोरून ऐकण्याची किंवा विनापरवाना प्रक्षेपण करण्याची मुभा मिळत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. यूव्ही-५आरसारखा संच हवा त्या कंप्रतेवर लावता येतो, म्हणून तो वापरणाऱ्याने याबाबत विशेष दक्ष राहावे. सरकारी संच कार्यालयाच्या लेखी अनुमतीखेरीज उघडू वा बदलू नये.

केबल जोडूनही संच उत्तर देत नसेल, तर दोष संकेतांत शोधण्यापूर्वी पिन पूर्ण आत बसली आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा पिनेभोवतीचे प्लास्टिकचे आवरण संचाच्या कडेस अडते. चाकूने ते थोडे तासले की काम भागते.