तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती: अर्जापासून हप्त्यापर्यंत

पिंगुळीत चित्रकथी शिकणारी मुलगी असो की खेड्यातून शहरात तबला शिकायला जाणारा मुलगा, विशी आली की घरचे विचारतात, आता पोटापाण्याचं काय? बहुतेकांची कला या वयात सुटते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती नेमकी याच वयासाठी आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, मुदत दोन वर्षं. देशभरातून वर्षाला जास्तीत जास्त ४०० जण निवडले जातात. दिल्लीतलं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, तिचं काम पाहतं. अर्ज ऑनलाइन भरायचा.

शास्त्रीय आणि उपशास्त्रीय संगीत, शास्त्रीय नृत्य, नाटक, मूकाभिनय, चित्र-शिल्प हे विषय तर आहेतच. लोककला आणि पारंपरिक कलाही आहेत. दशावतार, कळसूत्री बाहुल्या, वारली चित्रं करणाऱ्या मुलांनी ‘हे आपल्यासाठी नाही’ असं मुळीच समजू नये.

खरी अट आहे ती शिक्षणाची. ही शिष्यवृत्ती नवशिक्यांसाठी नाही. गुरूंकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, आणि तसा दाखला सध्याच्या गुरूंनी, आधीचे गुरू असतील तर त्यांनीही, सही करून द्यायचा असतो. आपली मुलं अडतात ती इथं. ज्याच्या मांडीला मांडी लावून दहा वर्षं ढोलकी शिकलो, त्याच्याकडून कागद घ्यायचं कुणाला सुचत नाही. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता आजच दाखला लिहून घ्या: कोणत्या वर्षापासून शिकतो, काय काय शिकलो, पुढं काय शिकायचं आहे. गुरू थकलेले असतील तर हे काम आधी करा.

पुढं तज्ज्ञांच्या समितीसमोर मुलाखत होते. तिथं कला करून दाखवावी लागते, प्रश्नही विचारतात. हात तयार असलेली मुलं शास्त्राच्या प्रश्नांवर गांगरतात. आपण जे वाजवतो त्याची मांडणी चार वाक्यांत सांगता यावी, एवढी तयारी हवीच. शेजारच्या कलांचीही ओळख असावी. नर्तकीला ताल समजावा, नटाला संगीत.

निवड झाली की रक्कम सहामाही चार समान हप्त्यांत येते, म्हणजे प्रत्येकी ३०,००० रुपये. प्रवास, पुस्तकं, साहित्य आणि शिकवणी यांसाठी ती असते. दररोज किमान तीन तास रियाझ अपेक्षित असतो आणि दर सहा महिन्यांनी गुरूंच्या सहीचा अहवाल पाठवावा लागतो. पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाहीत, हे खोलीचं भाडं ठरवताना ध्यानात ठेवावं.

एकदा ही शिष्यवृत्ती मिळाली की पुन्हा मिळत नाही. त्यामुळं अठरा पूर्ण झाले म्हणून घाईनं अर्ज करण्यापेक्षा वर्षभर थांबून पक्की तयारी करणं मला शहाणपणाचं वाटतं. मुदत आणि नियम त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्या, आणि गावातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला ही माहिती नसेल तर त्याच्यासोबत बसून अर्ज भरून द्या.