नजरेची हद्द : इमारतीच्या मॉडेलमधील स्कोप बॉक्स

बांधकामाच्या क्षेत्रात ‘बिम’ या आद्याक्षरी नावाने रुळलेली पद्धत, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, संपूर्ण इमारत संगणकात एकदाच त्रिमितीत उभी करावी आणि लागेल तो नकाशा तिच्यातूनच काढून घ्यावा या कल्पनेवर आधारलेली आहे. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ साली मांडलेल्या ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’मध्ये या कल्पनेचा गाभा आढळतो : प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन ही सुटी रेखाटने न राहता एकाच वर्णनातून निघावीत, जेणेकरून भिंत एके ठिकाणी सरकवली की ती सर्वत्र सरकलेली दिसेल. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने वेळ आणि खर्च यांची जोड दिलेले पंचमितीय बिम वापरले, आणि मुंबई-पुण्यातील अनेक कार्यालयांत परदेशी इमारतींची मॉडेले तयार करण्याचे काम आज नित्याचे झाले आहे. तरीही या विषयावरील लेखनाचा सारा भर मॉडेलवर असतो. त्यातून कागदावर नेमका कोणता तुकडा उतरावा, त्याची हद्द कोणी आखावी आणि ती एकदा आखल्यावर कोठे नोंदलेली असावी, हे प्रश्न मात्र तपशिलाचे म्हणून बाजूला पडतात. वस्तुतः साइटवर मॉडेल जात नाही, शीट जाते. म्हणून ही हद्द सांभाळणाऱ्या स्कोप बॉक्स या साधनाचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

हे साधन रेव्हिट या आज्ञावलीतील आहे. १९९७ साली स्थापन झालेल्या एका छोट्या अमेरिकी कंपनीने २००० साली ती बाजारात आणली आणि २००२ साली ऑटोडेस्कने ती कंपनी १३.३ कोटी डॉलरना विकत घेतली. रेव्हिटमध्ये प्रत्येक प्लॅन, सेक्शन वा एलिव्हेशन म्हणजे एक ‘व्ह्यू’, अर्थात मॉडेलकडे पाहण्याची एक खिडकी असते, आणि प्रत्येक खिडकीला ‘क्रॉप रीजन’ नावाची स्वतःची चौकट असते, जिच्याबाहेरचा भाग त्या व्ह्यूपुरता झाकला जातो. चौकट त्या एकाच व्ह्यूच्या मालकीची असल्यामुळे ती शेजारच्या मजल्याच्या चौकटीशी जुळते की नाही, याची हमी आज्ञावली देत नाही. ती जबाबदारी हाताने रेघ ओढणाऱ्यावर राहते.

स्कोप बॉक्स ही जबाबदारी व्ह्यूकडून काढून मॉडेलकडे सोपवतो. तो मॉडेलमध्ये ठेवलेली एक अदृश्यप्राय पेटी आहे, गणिताच्या भाषेत इष्टिकाचिती. ती प्लॅनमध्ये आयत ओढून आणि उंचीचा आकडा देऊन तयार होते, तुटक रेघांनी दिसते आणि त्रिमितीय व्ह्यूमध्ये तिच्या प्रत्येक बाजूवरचा छोटा त्रिकोणी दांडा ओढून लहान-मोठी करता येते. व्ह्यूच्या गुणधर्मांच्या यादीत ‘स्कोप बॉक्स’ या ओळीसमोर तिचे नाव निवडले की त्या व्ह्यूची चौकट पेटीच्या कडांना चिकटते, आणि त्या क्षणापासून चौकट हाताने ओढता येत नाही. नवख्या ड्राफ्ट्समनला ही अडवणूक वाटते; पण साधनाचे सारे मूल्य नेमके या अडवणुकीत आहे, कारण पेटी हलली तरच चौकट हलते, आणि पेटी हलली की तिला जोडलेल्या सगळ्याच चौकटी एकत्र हलतात.

याचा लाभ किती, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येते. १८० मीटर लांबीची, १२ मजल्यांची रुग्णालयाची इमारत १:१०० या प्रमाणावर काढायची तर कागदावर तिची लांबी १८०० मिलिमीटर होते, आणि ए-१ आकाराचा कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे प्रत्येक मजल्याचे साधारण साठ-साठ मीटरचे तीन तुकडे करणे भाग पडते. बारा मजल्यांचे छत्तीस प्लॅन, तितकेच छताचे प्लॅन, मिळून बहात्तर व्ह्यू. आता जिन्याची जागा बदलली आणि पहिल्या-दुसऱ्या तुकड्यांमधील जोडरेषा, जिला कार्यालयांत ‘मॅचलाइन’ म्हणतात, दीड मीटर पूर्वेला न्यावी लागली, तर सुट्या चौकटींच्या पद्धतीत तिच्या दोन्ही बाजूंच्या अठ्ठेचाळीस चौकटी एकेक करून उघडून ओढाव्या लागतील, आणि त्यांपैकी एखादी राहून गेली तर कागदावर पंधरा मिलिमीटरची एक पट्टी दोन्ही शीटांतून गायब होईल किंवा दोन्हींवर दोनदा उमटेल. तीन पेट्यांच्या पद्धतीत हेच काम दोन दांडे ओढून संपते. मुख्य प्लॅनच्या पोटात ‘डिपेंडंट व्ह्यू’ करून त्यांना या पेट्या लावल्या की टिपा आणि मोजमापे मुख्य प्लॅनवर एकदाच लिहावी लागतात, आणि तुकड्यांत ती आपोआप वाटली जातात.

ही विचारसरणी नकाशाशास्त्राला नवी नाही. १७६७ साली स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांत एका शीटवर अक्षांश-रेखांशांची पंधरा बाय पंधरा मिनिटांची चौकट येते. ती आखणी एखाद्या गावाच्या सोयीने होत नाही, तर आधी ठरते आणि गाव तिच्यात जिथे पडेल तिथे पडते. शेजारची दोन शीटे टेबलावर जोडली की नदी न तुटता पुढे जाते, त्याचे कारण हेच. स्कोप बॉक्स हा इमारतीच्या पातळीवरचा तसाच पूर्वनियोजित शीट-विभाग आहे.

येथवरचे काम समजायला सोपे आहे. गोंधळ होतो तो पेटीच्या दुसऱ्या कामात. स्तंभांची जागा दाखवणाऱ्या ग्रिड रेषा आणि मजल्यांची पातळी दाखवणाऱ्या लेव्हल, म्हणजे ज्यांच्या आधारे सारे मोजले जाते त्या संदर्भरेषा, यांनाही स्कोप बॉक्स लावता येतो, आणि मग त्यांचा विस्तार पेटीपुरता मर्यादित होतो. प्लॅनमध्ये रेघ दिसत असली तरी रेव्हिटच्या लेखी ग्रिड म्हणजे जमिनीतून उभे राहिलेले एक प्रतल असते. त्याला लांबी आहे तशी उंचीही आहे.

तीन मजल्यांचा, ९० बाय ६० मीटरचा पोडियम आणि त्यावर वीस-वीस मजल्यांचे दोन टॉवर, अशी आज मुंबई-पुण्यात सर्वत्र दिसणारी रचना घेऊ. काहीही न ठरवता ग्रिड काढल्या तर फक्त पोडियमच्या पार्किंगसाठी असलेल्या रेषा पंधराव्या मजल्याच्या प्लॅनवरही मोकळ्या हवेतून जाताना दिसतात, आणि पहिल्या टॉवरच्या नकाशात दुसऱ्या टॉवरच्या रेषा घुसतात. यावरचा हातघाईचा उपाय सर्वांना ठाऊक असतो : रेषेच्या टोकावरील क्रमांकाच्या गोळ्याशेजारी ‘३डी’ असे बारीक अक्षर दिसते, त्यावर टिचकी मारली की ते ‘२डी’ होते, आणि मग गोळा ओढून आत घ्यायचा. पण हा बदल त्या एका व्ह्यूपुरताच असतो. वीस मजले म्हणजे वीस वेळा तेच काम, किंवा एका मजल्यावरची मांडणी इतर मजल्यांवर पसरवण्याची आज्ञा पुन्हा पुन्हा देत राहणे.

पेट्या लावल्या की हे मुळातच मिटते, मात्र त्या लावताना इमारतीचा विचार करावा लागतो, कागदाचा नव्हे. टॉवरसाठी पोडियमच्या गच्चीपासून वर जाणारी पेटी करण्याचा मोह होतो, पण टॉवरचे स्तंभ पोडियममधून खाली पायापर्यंत गेलेले असतात. त्यांच्या ग्रिड तळघराच्या प्लॅनवरही दिसायलाच हव्यात. एका ग्रिडला एकच पेटी लावता येते, आणि एकाच क्रमांकाच्या दोन ग्रिड मॉडेलमध्ये चालत नाहीत. त्यामुळे टॉवरच्या ग्रिडची पेटी पायापासून गच्चीपर्यंत उंच असावी लागते, आणि केवळ पोडियमच्या असलेल्या ग्रिडची पेटी पोडियमबरोबर संपावी लागते. म्हणजे उंची ठरते ती स्तंभ कोठून कोठे जातो यावरून. याच कारणास्तव शीटांच्या पेट्या आणि ग्रिडच्या पेट्या वेगळ्या ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. शीटची हद्द कागदाचा आकार किंवा प्रमाण बदलले की बदलते. ग्रिडची हद्द रचना बदलली तरच बदलते. दोन्ही कामे एकाच पेटीवर लादली तर शीटच्या सोयीसाठी पेटी आखूड करणारा माणूस नकळत ग्रिडही आखूड करून बसतो.

पेटी फिरवताही येते, आणि हे तिचे सर्वांत देखणे काम म्हणावे लागेल. रस्त्याच्या वळणामुळे एखादी विंग मुख्य इमारतीशी तीस अंशांच्या कोनात उभी असेल, तर तिच्या दिशेने फिरवलेली पेटी व्ह्यूला लावताच तो प्लॅन शीटवर सरळ होऊन बसतो. भिंती कागदाच्या कडेला समांतर येतात, आणि मॉडेल मात्र जागच्या जागी राहते. फक्त उत्तर दिशेचा बाण वाचणाऱ्याला नीट पाहावा लागतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पेटी काटकोनी असते, त्यामुळे इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या इमारतीभोवती ती अंगासरशी बसत नाही. तिथे एकतर दोन पेट्या कराव्या लागतात किंवा पेटी सोडून क्रॉप रीजनची बहुभुज चौकट हाताने आखावी लागते. प्लॅनमध्ये किती उंचीवर छेद घ्यावा आणि किती खोलपर्यंत पाहावे हे ‘व्ह्यू रेंज’ हा वेगळा गुणधर्म ठरवतो. पेटीची उंची बदलून तो बदलेल अशी अपेक्षा अनेकजण करतात आणि निराश होतात. त्रिमितीय व्ह्यूचा ‘सेक्शन बॉक्स’ दिसायला सख्खा भाऊ वाटतो, पण तो त्या एका व्ह्यूपुरता कापणारा सुरा आहे, सामाईक हद्द नव्हे. टेक्ला या पोलादी आणि काँक्रीट सांगाड्यांच्या आज्ञावलीतील ‘वर्क एरिया’ दृश्याची हद्द आखण्याबाबत स्कोप बॉक्सच्या जवळ जातो.

एकाच प्रकल्पात वास्तुरचना, संरचना आणि वातानुकूलनासारख्या सेवा यांची मॉडेले वेगळ्या फायलींत असतात, आणि प्रत्येक फायलीला स्वतःच्या पेट्या लागतात. म्हणून त्यांची नावे आणि जागा आरंभीच एकमताने ठरणे आवश्यक ठरते. आज्ञावलीने दिलेले ‘स्कोप बॉक्स १’ हे नाव तसेच ठेवलेल्या फायलीत सहा महिन्यांनी कोणालाही काही सापडत नाही. ‘शीट–पूर्व’, ‘ग्रिड–टॉवर अ’ अशी कामावरून दिलेली नावे यादीत एकत्र येतात आणि निवडताना चूक होत नाही. अनेकजण एकाच वेळी काम करत असलेल्या फायलीत या पेट्या लेव्हल आणि ग्रिड यांच्या सामाईक ‘वर्कसेट’मध्ये, म्हणजे घटकांच्या गटात, ठेवून पिनने खिळवाव्यात, कारण माऊसच्या एका अनवधानाच्या ओढीने डझनावारी शीटांची हद्द सरकू शकते. छपाईच्या वेळी पेट्या लपवण्याचा पर्याय निवडला की कागदावर त्यांची एकही रेघ उमटत नाही. साइटवरील अभियंता स्लॅबवर दोन शीटे पसरून मॅचलाइनला मॅचलाइन लावतो, तेव्हा त्याला दिसतो तो दोन्ही कागदांवर एकाच ओळीत आलेला ग्रिड १४चा गोळा, आणि तिथूनच तो फीत धरून मोजायला सुरुवात करतो.