आईसाठी बिनशब्दांचं गाणं

वरातीत डीजे सुरू झाला की आपण कानांवर हात ठेवतो. नुसती धडधड, यात गाणं कुठं आहे, असं म्हणतो. आज आम्ही अशाच ठेक्याचं संगीत करणाऱ्या दोन इंग्लिश भावांबद्दल सांगणार आहोत. त्यांच्या गोष्टीत एक आई आहे आणि एक झोपेची गोळीही आहे.

फिल आणि पॉल हार्टनॉल हे दोघे सख्खे भाऊ, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावचे. १९८९ साली त्यांनी घरच्या घरी, वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर ‘चाइम’ नावाची धून ध्वनिमुद्रित केली. गायक नाही, वादकांचा ताफा नाही. कीबोर्ड, ठेका देणारं यंत्र आणि सँपलर एवढंच. सँपलर म्हणजे आवाज पकडून ठेवणारं यंत्र. पकडलेल्या आवाजाचे तुकडे करता येतात, तो लांबवता येतो, उलटाही वाजवता येतो.

लंडनला वेढा घालणारा एम-२५ हा मोठा रिंगरोड आहे. तरुण मुलंमुली त्या रस्त्यानं रात्रीच्या नाचाच्या कार्यक्रमांना जायची. त्यावरूनच या भावांनी ‘ऑर्बिटल’ हे नाव घेतलं. १९९० साली ‘चाइम’ गाजली आणि दूरदर्शनवर बोलावणं आलं. तेव्हा सरकारनं गरीब-श्रीमंत न पाहता माणशी कर बसवला होता. दोघे भाऊ त्या कराला विरोध करणारे टी-शर्ट घालूनच पडद्यावर आले.

आता आईकडे येऊ. त्यांची आई कित्येक वर्षं झोपेच्या गोळीच्या आहारी गेली होती. गोळीचं नाव हॅल्सियन. औषधाचं मूळ नाव ट्रायझोलाम. ‘हॅल्सियन’ हे ग्रीक कथेतल्या खंड्या पक्ष्याचं नाव. तो समुद्रावर अंडी उबवतो तेव्हा लाटाही शांत होतात, अशी ती कथा. नाव किती गोड! पण १९९१ साली ब्रिटनमध्ये या गोळीची विक्री थांबवण्यात आली.

१९९२ साली भावांनी ‘हॅल्सियन’ याच नावाची धून केली आणि ती आईला अर्पण केली. तिच्यात कर्स्टी हॉकशॉ या गायिकेचा आवाज आहे, पण उलटा वाजवलेला. बाई गातेय हे कळतं, शब्द मात्र एकही कळत नाही. धुनेच्या चित्रफितीत कर्स्टीनंच गोळ्यांच्या गुंगीतली गृहिणी उभी केली आहे. लोक या धुनेवर आनंदानं नाचतात, इतकी ती मधुर आहे. आम्हाला वाटतं, खरं दुखणं तिथंच आहे. बाहेरून सगळं शांत दिसतं. आतली बाई काय सांगतेय, ते कुणाला समजत नाही.

१९९४ साली ग्लास्टनबरीच्या मोठ्या संगीत महोत्सवात ऑर्बिटलचा कार्यक्रम झाला आणि हे संगीत फक्त क्लबांपुरतं नाही, हे लोकांना पटलं. त्याच वर्षी एकसारख्या ठेक्यांच्या संगीतावर उघड्यावर जमणाऱ्या लोकांना हटवण्याचा कायदा आला. उत्तर म्हणून भावांनी काही मिनिटांची संपूर्ण शांतता ध्वनिमुद्रित करून काढली. २००४ साली ते वेगळे झाले, २००९ मध्ये एकत्र आले, २०१४ मध्ये पुन्हा थांबले आणि २०१७ मध्ये परत आले. मधे २०१२ साली लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटनात त्यांनी शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यासोबत कार्यक्रम केला.

मैत्रिणींनो, ट्रायझोलामच्या जातीच्या गोळ्यांची शरीराला सवय लागते. मग तेवढीच गोळी पुरत नाही आणि तिच्याशिवाय झोप येत नाही. हा बाईचा हट्ट नव्हे की कमकुवतपणा नव्हे, तो औषधाचा गुण आहे. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका. जुन्याच चिठ्ठीवर पुन्हापुन्हा आणू नका. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्यानं त्रास वाढतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि घरात कुणी आई, सासू, जाऊ रोज गोळी घेऊन गप्प पडून राहत असेल, तर तिच्याजवळ बसा. झोप का येत नाही, हे तिला विचारा.