दुखणे नेमके कोठे?

बोईसरला गाडी थांबली की डब्यात टाळी ऐकू येते. कोणी खिडकीबाहेर पाहू लागतो, कोणी नाणे देऊन मोकळा होतो. टाळी वाजवणाऱ्या माणसाला रात्री झोप लागते का, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. शिवाय सर्वच तृतीयपंथी टाळी वाजवीत नाहीत. कित्येक जण गप्प राहून कारखान्यात पाळी करीत असतात, वर्गात बसत असतात.

जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची आतली जाणीव यांचा मेळ नसणे, हा मनाचा रोग आहे असे वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ मानत आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून काढली. ती यादीतून अजिबात वगळली नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. ज्यांना वैद्यकीय मदत हवी त्यांची वाट बंद होऊ नये, हा त्यामागचा हेतू. २०१६ साली मेक्सिको शहरातील २५० जणांच्या अभ्यासातून असे दिसले होते, की त्यांच्या मानसिक त्रासाशी लिंगजाणिवेपेक्षा लोकांनी झिडकारण्याचा आणि मारहाणीचा संबंध अधिक घट्ट आहे.

मग समुपदेशकाने करायचे काय? प्रथम, माणूस जे नाव सांगेल त्या नावाने हाक मारायची. त्याला ‘सुधारण्याच्या’ फंदात पडायचे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असले उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. नैराश्य असेल तर कोणाही रुग्णाच्या नैराश्यावर करतात तसेच उपचार करायचे. प्रत्येक दुखण्याचे मूळ लिंगातच शोधू नये. परीक्षेची धास्ती ही परीक्षेचीही असू शकते!

येथे एक गैरसमज होतो. स्वीकार करणारा उपचार म्हणजे ‘घरी सांगून टाक, मोकळा हो’ असा सल्ला नव्हे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम ठेकेदाराकडचे, खोली भाड्याची, आणि खोलीतले सोबती त्याच कंपनीतले. तेथे एक वाक्य बाहेर गेले तर छप्पर आणि रोजगार एकाच दिवशी जाऊ शकतात. म्हणून कोणाला सांगायचे, केव्हा सांगायचे, घराबाहेर काढले तर पहिली रात्र कोठे काढायची, याचा विचार रुग्णाबरोबर बसून करणे हाही उपचाराचाच भाग होय. न सांगण्याचा निर्णय हा भित्रेपणा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात म्हटले आहे, की समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चालीरीतींशी न जुळणे, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. लिंगावरून सेवेत भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधनही आहे. पण बाहेरच्या बाकावर शेजारीच बसलेला असेल आणि कंपाउंडर कागदावरचे जुने नाव मोठ्याने पुकारीत असेल, तर गुप्तता राहिली कोठे?

पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, तरी मनोरुग्णालय म्हटले की आपल्याकडे अजून ठाण्याचेच नाव निघते. ते १९०१ सालचे. बोईसरहून गाड्या बदलीत तेथे जायचे म्हणजे पूर्ण दिवस गेला. माझे वडील कंत्राटी कामगार आहेत. एका खाड्याची किंमत आमच्या घराला ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून, विनामूल्य बोलता येते. खाडा वाचतो, प्रवास वाचतो. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत चौघे झोपलेले असताना बोलायचे कसे? अशा वेळी पलीकडच्या समुपदेशकाने नाव-गाव विचारण्याआधी एवढेच विचारावे: “आता मोकळेपणी बोलता येईल अशा जागी आहात ना? की मी नुसते ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे विचारू?”